घरात वास येतोय

धाकट्या आत्याकडे गेलं की चहा होईपर्यंत ती टीव्हीपुढे बसवते आणि म्हणते, "लाव काहीतरी तुझं." माझं म्हणजे इंग्रजी, संथ आणि ज्यात शेवटी कुणाचंच धड काही होत नाही असं. आत्या ८६ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, त्यामुळे पडद्यावरचं तिला माझ्यापेक्षा लख्ख दिसतं. गेल्या पावसाळ्यात तिला मी 'अ प्रायव्हेट फंक्शन' दाखवला. मी तो आधी पाहिलेला होता आणि डुक्कर, विष्ठा, इंग्रजी विनोद हे सगळं तिला झेपेल का याची धास्ती होती. ती हसली ती भलत्याच ठिकाणी. आणि एका ठिकाणी, जिथे मी हसतो, तिथे तिने कप बशीत ठेवला.

सिनेमा १९८४ चा. दिग्दर्शक माल्कम मोब्रे, पटकथा अ‍ॅलन बेनेटची. पैसे ज्या कंपनीने घातले ती बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनची, हे सांगितलं की माझ्या वयाच्या लोकांचे कान टवकारतात. आत्याला त्याचं काही नाही. गोष्ट १९४७ सालच्या यॉर्कशरमधल्या एका छोट्या गावातली. युद्ध जिंकून दोन वर्षं झालेली, आणि जिंकलेल्या देशात खायला नाही. ही अतिशयोक्ती नव्हे. ऐन युद्धात इंग्लंडमध्ये पाव रेशनवर नव्हता. तो रेशनवर आला जुलै १९४६ मध्ये, शांतता झाल्यावर. १९४७ च्या अखेरीस बटाट्यावरही बंधन आलं. हॉटेलात कितीही मोठा साहेब गेला तरी पाच शिलिंगांच्या वरचं जेवण त्याला देता येत नसे. मटणाचं रेशन तर थेट जुलै १९५४ पर्यंत चाललं.

अशा गावात डॉक्टर, वकील, हिशेबनीस अशी वजनदार मंडळी एका शेतावर चोरून डुक्कर पोसतायत. सरकारदप्तरी या डुकराची नोंद नाही. येत्या २० नोव्हेंबरला राजकन्या एलिझाबेथचं लग्न, त्यानिमित्त निवडक लोकांना मेजवानी. राजनिष्ठा दाखवायची ती राजाचा कायदा मोडून. आणि हे करताना कुणाच्या चेहऱ्यावरची घडी विस्कटत नाही.

गावात गिल्बर्ट चिल्व्हर्स नावाचा एक गृहस्थ आहे. मायकेल पेलिनने तो केलाय. लोकांच्या पायांची कुरूपं काढायची, नखं नीट करायची, असा त्याचा धंदा. आपल्याकडे पायावरच्या त्या टणक गाठीला 'कुरूप' म्हणतात, त्यामुळे हा सिनेमा मराठीत एका शब्दात सांगता येतो, असं मला पहिल्यांदा पाहतानाच वाटलं. सायकलीवर पेटी घेऊन हा घरोघर जातो. गावातल्या प्रतिष्ठित बाया मोजे उतरवून पाय त्याच्या मांडीवर ठेवतात आणि वर तोंडाने हवापाण्याच्या गप्पा मारतात. कॅमेरा मात्र खालीच. भेगा पडलेल्या टाचा, एकावर एक चढलेली बोटं. गावातली सगळी कुरूपं त्याला पाठ. पण त्याला मुख्य बाजारपेठेत स्वतःचं दुकान थाटायचंय म्हटल्यावर हेच लोक आडवे येतात. पाय मांडीवर चालतो, माणूस शेजारी चालत नाही.

आणि मग जॉइस, त्याची बायको. मॅगी स्मिथ. या बाईला बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश सिनेमाचं मानाचं पारितोषिक, मिळालं, डॉक्टर झालेल्या डेनम एलियटला मिळालं आणि म्हाताऱ्या आईचं काम केलेल्या लिझ स्मिथलाही मिळालं. तिघांनाही ते शोभतं, पण सिनेमा उचलून नेते ती जॉइस. पियानो शिकवणारी, बऱ्या दिवसांतून आलेली, आणि ते दिवस गेलेत हे पावलोपावली जाणवणारी. तिचं एक वाक्य आहे: मला माझ्या भूतकाळाला साजेसा भविष्यकाळ हवाय. आमच्या गिरगावच्या चाळीत हे वाक्य कुणी इंग्रजीत बोललं नसतं, पण प्रत्येक मजल्यावर दोन तरी घरं या वाक्यावर उभी होती. 'आमचं मूळचं वाड्यातलं' हे ज्यांच्या बोलण्यात चौथ्या मिनिटाला यायचं ती घरं.

गिल्बर्टला पाय बघता बघता डुकराचा सुगावा लागतो आणि अपमानाची भरपाई म्हणून तो ते डुक्कर, बेटी तिचं नाव, चक्क घरी पळवून आणतो. आता घर म्हणजे काय, तर दोन माणसं, म्हातारी सासू आणि स्वयंपाकघरात एक धष्टपुष्ट डुक्कर. त्यात डुकराचं पोट बिघडलेलं. मारायचं तर गिल्बर्टच्याने सुरी धरवत नाही. इथून पुढे सिनेमा माझ्या मते वासाचा होतो. पडद्यावर वास दिसत नाही, पण माणसांची नाकं दिसतात. दारावर कुणी येतं, बोलता बोलता थांबतं, नाकपुड्या किंचित हलतात, आणि सभ्यपणापायी कुणी विचारत नाही. तेव्हा जॉइस, केस जागच्या जागी, आवाज मधाळ, सांगून टाकते की ही माझी आई. तिचं वय ७४ आहे.

बास. एवढंच. वय सांगितलं की समोरचा समजून मान हलवतो. म्हातारं माणूस आहे, होतं असं. डुक्कर सुटलं, घराची अब्रू वाचली, वासाचं खापर म्हातारीवर. म्हातारी तिथेच बसलेली असते.

मी याच ठिकाणी हसतो. आत्याने याच ठिकाणी कप खाली ठेवला. "थांबव जरा," म्हणाली.

मला वाटलं, तिला डुकराची किळस आली. माझा गोव्याचा एक मित्र हा सिनेमा बघून उलट म्हणाला होता की एवढं हट्टंकट्टं जनावर आणि ह्या लोकांना त्याचं धड सोरपोतेल, म्हणजे गोव्याकडचं डुकराचं झणझणीत कालवण, तेसुद्धा करता येणार नाही, ही खरी शोकांतिका. पण आत्याचं तसलं काही नव्हतं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, आणि मला माझ्या आजीची एक गोष्ट सांगितली, जी मला वाटत होतं मला येते.

आजीबद्दलचं आमच्या घरातलं पहिलं वाक्य असं: तिला गोडाचा भारी सोस. बाबा म्हणायचे, दोघी आत्या म्हणायच्या, दूरच्या नातेवाइकांनाही हे माहीत होतं. कुणी पेढे घेऊन आलं की डबा आधी आजीपुढे. दिवाळीत पहिला लाडू आजीला. "घे गं, तुला आवडतो." घरोघरी अशी वाक्यं असतात. एखाद्या काकाला 'तिखट चालत नाही', एखादी मावशी 'मुळातच रागीट'. कोण पहिल्यांदा म्हणालं ते कुणालाच आठवत नाही.

आत्याला आठवत होतं. मे १९४७. थोरल्या आत्याचं लग्न. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्येच आलं होतं. इंग्लंडचंच युद्ध, त्याच युद्धाचा हा खर्च, आणि त्यात बंगालचा दुष्काळ शेजारच्या खोलीत मेलेल्या माणसासारखा सगळ्यांना माहीत होता. तांदूळ, गहू, साखर, सगळं माणशी मोजून. रांगेत उभं राहायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि तांदळातले खडे निवडताना सरकारच्या नावाने बोटं मोडायची. लग्न अशा दिवसांत. आता बुंदीचे लाडू नाहीत ते लग्न कसलं, असं वरपक्ष म्हणाला नव्हता. आमच्याच घरात सगळ्यांना वाटत होतं.

आजोबा सरकारी कचेरीत कारकून. अंगावर खादी, घरात टकळी, आणि संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत काळाबाजारावर व्याख्यान. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांची ख्याती ऐकत मोठा झालो. "आपल्या घरात ब्लॅकचा एक दाणा आला नाही." हे दुसरं वाक्य. ही दोन वाक्यं मी आयुष्यभर शेजारी शेजारी ठेवून जगलो आणि ती एकाच दिवशी जन्मली असतील अशी शंका मला कधी आली नाही.

साखर आली रात्री, हातगाडीवर, कोळशाच्या पोत्यांखालून. आत्या तेव्हा आठ वर्षांची, झोपेतून उठून मोरीकडे निघालेली. दोन माणसं, एक पोतं, आजोबा धोतराचा सोगा खोचून दार धरून उभे. पोतं कुणाकडून आलं ते तिला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं की एका व्यापाऱ्याचा कागद कचेरीत आजोबांच्या टेबलावर अडकलेला होता आणि मग तो अडकलेला राहिला नाही. आजीने कंदिलाच्या उजेडात पोत्याचं तोंड सोडलं. वरच्या थरात कोळशाची पूड गेलेली. ती काळी साखर आजीने वाटीने वेगळी काढली, पहाटेपर्यंत ताटात पसरून निवडत बसली, अगदी तांदूळ निवडतात तशी. उरलेली दोन पत्र्याच्या डब्यांत भरली. आत्याने ओलं बोट काळ्या साखरेत बुडवून चाटलं तेव्हा आजीने तिच्या हातावर चापट मारली, हेही तिला आठवतं. "कोळसा दातांखाली कचकन वाजला रे," म्हणाली. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांनी तिने जबडा हलवून दाखवला.

इथे मला सिनेमातला अन्न खात्याचा माणूस आठवला. तिकडे वॉर्मोल्ड नावाचा एक निरीक्षक आहे, नियमाला घट्ट धरून असलेला. बेकायदा मटण सापडलं की तो त्याला हिरवा रंग फासतो, म्हणजे ते कुणालाच खाता येऊ नये. लोक भुकेले, आणि समोर हिरवंगार मटण. मला तो माणूस खलनायक वाटत नाही. अख्ख्या गावात आत एक बाहेर एक नसलेला तो एकटाच. आणि म्हणून कुणालाच नकोसा.

आमच्या चाळीतही एक वॉर्मोल्ड होता. वरच्या मजल्यावर, रेशनिंगच्या कचेरीत नोकरीला. लग्नाच्या दोन दिवस आधी बुंदी पाडली ती खिडक्या लावून, पण पाकाला कोण कोंडणार? चाळीत भिंती नावाला असतात. कुणाकडे भरली वांगी, कुणाकडे बोंबील, हे जिन्यात कळतं. उकळत्या पाकात वेलदोडा पडला आणि तीन मजल्यांना कळलं. वरचे गृहस्थ संध्याकाळी ऑफिसातून आले, जिन्यात थबकले, आणि सरळ आमच्या दारात उभे राहिले. आत्या म्हणते, त्यांच्या मनात काही नसेलही. बिचारे अभिनंदन करायला आले असतील. पण नाक हललं.

"नाना, वास सुरेख सुटलाय."

आजोबा हसले. आणि म्हणाले, "अहो, आमच्या कुटुंबाला गोडाचा भारी सोस. महिना महिना साखर काढून ठेवत होती डब्यात, आम्हाला पत्ता नाही. आज बाहेर काढलीन."

आजी चुलीपाशी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. कुणीतरी, बहुधा आजोबांनीच, ताटातले दोन लाडू उचलून तिच्या हातावर ठेवले. "खा, खा. लाजतेस काय. यांच्यापुढे काय लाजायचं."

आजीने दोन्ही खाल्ले. उभ्या उभ्या. गृहस्थ हसून वर निघून गेले.

"आणि तिला गोड आवडायचंच नाही मुळी," आत्या म्हणाली. "चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायची. त्या रात्री मोरीत ओकत होती. मी लोटा धरला होता."

टीव्हीवर मॅगी स्मिथ तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबली होती. आम्ही चहा प्यायलो, तो गार झाला होता. मग आत्याच म्हणाली, लाव पुढे, बघू त्या डुकराचं काय होतं.

डुकराचं जे व्हायचं तेच होतं. हिशेबनीस अ‍ॅलर्डाइसला बेटीचा लळा लागलेला, गिल्बर्टलाही मारणं जिवावर आलेलं, पण मेजवानी ठरलेली आहे. चोर आणि ज्यांचं चोरलं ते, दोघांना पोलिसांत जाता येत नाही, तेव्हा दोघं एकाच टेबलावर बसतात. जॉइसला हवं ते मिळतं: निमंत्रण. जे दार तोंडावर आपटलं होतं त्यातून ती आत जाते आणि डॉक्टर स्वॅबीबरोबर नाचते. तिला कायदा मोडणाऱ्यांचा राग कधी नव्हताच, आपल्याला सोडून मोडला याचा होता. विजयाच्या एका क्षणी ती नवऱ्याला, सभेचा ठराव वाचावा अशा सुरात, आता शय्यासोबत व्हायला हरकत नाही असं कळवते. लोकांना हा विनोद सगळ्यात आवडतो. मला त्यात त्या घरातला हिवाळा दिसतो. या घरात भूक सगळ्या प्रकारची आहे आणि कुठलीच बोलायची नाही. पोटाची बोललं तर हलकेपणा, अंगाची बोललं तर त्याहून. म्हणून सगळी भूक एका डुकरावर येऊन बसलीय.

अ‍ॅलन बेनेट हा लीड्समधल्या खाटकाचा मुलगा. १९४७ मध्ये तेरा वर्षांचा. मटणाच्या दुकानाच्या आतल्या बाजूने त्याने गाव पाहिलेलं, म्हणजे कोण रांगेत उभं राहतं आणि कोणासाठी पुडकं आधीच बाजूला काढून ठेवलेलं असतं, हे त्याला सांगायला नको. ही माहिती मी आत्याला दिली तेव्हा ती म्हणाली, "मग बरोबर."

त्या राजेशाही लग्नाचीही गंमत आहे. नवरीच्या पोशाखाला कापडाची जादा कूपनं सरकारने दिली. देशभरातल्या बायकांनी आपापली कूपनं प्रेमाने राजकन्येला पाठवली आणि ती सगळी परत करावी लागली, कारण आपलं कूपन दुसऱ्याला देणं बेकायदा. केक मात्र नऊ फुटी. आणि आहेरात दिल्लीहून गेलेलं एक कापड होतं, गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं, विणीत 'जय हिंद'. राजाच्या आईसाहेब, क्वीन मेरी, त्या कापडाला लंगोट समजून संतापल्या, असं माउंटबॅटन मंडळींच्या आठवणींत येतं. मला हे वाचल्यापासून वाटतं, आजोबांनी ही बातमी पेपरात वाचली असेल का? टकळी हातात, गॅलरीत खुर्ची टाकून? सहा महिन्यांपूर्वीची पत्र्याची डबडी तोवर घासून पुसून पालथी घातलेली असणार. ते ढोंगी होते असं म्हणून टाकणं सोपं आहे. आत्या म्हणत नाही. ती म्हणते, सूत ते खरंच कातायचे, आणि मुलीच्या लग्नात लाडू नसते तर ते खरंच झुरले असते. दोन्ही खरं. फक्त या दोहोंच्या मध्ये जी जागा उरली तिथे त्यांनी बायकोला उभं केलं.

आणि मग ते वाक्य घरातच राहिलं. वरचे गृहस्थ बदली होऊन गेले, १९५४ मध्ये आपल्याकडचंही धान्याचं रेशनिंग उठलं, आजोबा वारले. कुणाला फसवायचं उरलं नव्हतं. तरी पेढ्यांचा डबा आजीपुढेच. मी आत्याला विचारलं, तुम्हा मुलांना माहीत होतं, मग तुम्ही का म्हणत राहिलात? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, मला तर मध्ये खरंच वाटायला लागलं होतं तिला आवडतं म्हणून."

सिनेमाच्या शेवटी नवं पिल्लू येतं. पुढच्या खेपेची तयारी. आत्या तिथे मोठ्याने हसली.

मी परत येताना लोकलमध्ये उभा होतो आणि हिशेब लावत होतो. आजी गेली १९८४ मध्ये, हा सिनेमा आला त्याच साली. मी तेव्हा सतरा वर्षांचा, म्हणजे निदान दहा-बारा दिवाळ्या तिला पहिला लाडू नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. घरातलं शेंडेफळ म्हणून. मी वाटी घेऊन जायचो, म्हणायचो, "आजी, तुला आवडतो ना." ती "हो रे बाबा" म्हणायची, लाडू घ्यायची आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. "मग खाते." नऊवारीचा तो पदर, त्यात ती गोल गाठ, कमरेशी खोचलेली. माझी समजूत अशी की ती माझ्यासाठी राखून ठेवते.

सुट्टी संपली की सकाळी शाळेला निघताना ती दारात यायची, गाठ सोडायची. लाडू जरा चेपलेला असायचा, आणि पदराला तुपाचा गोल डाग पडलेला असायचा.